लक्कुंडीचा सूर्य

हे आमच्या ह्यांनाही माहीत नव्हतं. ते गेले, तरी सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच — ती म्हणेल, आई, काय एवढ्याशा गोष्टीचं घेऊन बसलीस! आणि एवढीशीच आहे हो. दोन घोट पाणी आणि अर्धा खाकरा. पण बोलायला तोंड उघडते आणि दुसरंच काहीतरी बोलून मोकळी होते. आज तसं करणार नाही. बसा जरा.

आधी कांताबेन कोण ते सांगते.

लालबाग सोडून आम्ही भाईंदरला, खारीगावाच्या अंगाला राहायला आलो, तेव्हा इथं नळाला धड पाणी नव्हतं. टँकर यायचा. त्या टँकरच्या रांगेत माझ्या पुढे उभी राहायची ती कांताबेन. खालच्या मजल्यावरची, गुजराती जैन, नवऱ्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. तिचं मराठी म्हणजे अर्धं गुजराती आणि माझं गुजराती म्हणजे अर्धं हिंदी — पण आमचं कधी अडलं नाही. अडायचं काय? बायकांना बोलायला भाषा लागते थोडीच!

आणि मग ती देवळं. माझी मावशी बेळगावला असायची. तिथल्या किल्ल्यात कमळ बस्ती म्हणून जुनं जैन देऊळ आहे, छताला दगडाचं कमळ उलटं लटकलेलं. ते बघून आले आणि कांताबेनला सांगितलं. पुढच्या वेळी ती माझ्यासोबतच आली. मग चटकच लागली. दर हिवाळ्यात आम्ही दोघी कर्नाटकात कुठं ना कुठं. मोठी, नावाजलेली देवळं नकोच. आम्हाला आवडायची ती गावाच्या कडेची, खांबाला शेळी बांधलेली, किल्ली शेजारच्या घरातून मागून आणायची असली देवळं. "एक तमारा, एक अमारा," ती म्हणायची — एक माझा महादेव, एक तिचे भगवान. हलशीला एका नंदीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणते कशी, "सुमनबेन, ये तो जेवल्यानंतरचे तुमचे भाईसाब!" हसून हसून मी पायरीवर बसले. आमचे हे खरंच तसे दिसायचे हो.

तिचा चौविहार होता. म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, ते थेट सकाळी. लग्नाआधीपासूनचं व्रत, एकदाही न मोडलेलं. तिच्याजवळ देरासरातलं, म्हणजे त्यांच्या देवळातलं, सूर्यास्ताच्या वेळांचं कार्ड असायचं, पण ते मुंबईचं. तिकडे सूर्य वेगळ्या वेळी जायचा. आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला, संध्याकाळचं तिला सगळं पिवळं-धुरकट दिसायचं. म्हणून प्रवासात ती मला विचारायची — "सूरज छे?" मी मान वर करून बघायची आणि सांगायची. आहे. गेला. तेवढंच. माझ्या शब्दावर ती जेवायची, माझ्या शब्दावर डबा बंद करायची.

कळतंय ना तुम्हाला, मी कुठं चाललेय ते? कळू दे. तरी ही मधली गोष्ट ऐका. ती सांगितल्याशिवाय पुढची सांगता येणार नाही — आणि ती सांगितली म्हणून पुढचीचं काही कमीही होत नाही.

आमचं घर मालवणी. पाली गावची मासेवाली दारात आली की आमचे हे वर्तमानपत्र टाकून उठायचे. पण कांताबेनला काही द्यायचं तर मी वेगळी कढई ठेवली होती. नवी, तिच्याच दुकानातली. वेगळा झारा, वेगळं तेल. सकाळी आंघोळ करून, घरात मासळी यायच्या आधी करायची — कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. संक्रांतीचे लाडू, दिवाळीची चकली, तिच्या पर्युषणानंतर शिरा. ती दोन्ही हातांनी डबा घ्यायची. धुऊन परत द्यायची आणि म्हणायची, "बहु सरस!" किती वर्षं? सोडा. खूप.

त्या वर्षी तिची नणंद पुष्पाबेन सुरतेहून आली होती, म्हणून आम्ही तिघी आणि देरासरातल्या काही बायका अशी छोटी गाडी केली. हुबळीला धर्मशाळेत उतरलो. सकाळी मी केस पुसत दाराशी आले आणि आत दोघी बोलत होत्या. पुष्पाबेन विचारत होती, हिच्या घरचं तू खातेस की काय? आणि माझी कांताबेन म्हणाली, "ना रे. ए लोको माछली खाय. हुं लई लउं, पछी बाईने आपी दउं."

घेते, आणि मग कामवाल्या बाईला देऊन टाकते.

तो ओला टॉवेल हातात घेऊन मी तशीच उभी. सांगू काय वाटलं? नवऱ्यानं दुसरं घर केलेलं कळावं ना, तसं. हसू नका. ती कढई माझ्या डोळ्यांसमोर आली. एवढी वर्षं मी कुणासाठी घासत होते ती? आणि ते "बहु सरस"? चव कशी कळली ग तुला, न खाता? माझ्याच तोंडावर इतकं गोड खोटं! तिनं नको म्हटलं असतं तर मी समजले असते. समजले असते का? माहीत नाही. पण त्या सकाळी मला तसंच वाटलं.

दिवसभर हसले, फोटो काढले. आत मात्र कढत होतं.

वाटेत गाडी पंक्चर झाली आणि लक्कुंडीला पोचायला उशीर झाला. बाकीच्या बायकांनी गाडीतच खाऊन घेतलं आणि त्या जैन बस्तीकडे गेल्या. मला महादेवाचं देऊळ बघायचं होतं. "तुम्ही खाऊन घ्या," मी कांताबेनला म्हटलं, जरा तुसडेपणानंच. ती म्हणाली, "तमे एकला केम जाव?" — एकट्या कशा जाल? — आणि आली माझ्याबरोबर. न खाता. माझ्यासाठी.

त्या देवळात दोन गाभारे आहेत, समोरासमोर. एकात महादेव, आणि त्याच्याकडे तोंड करून छोटा गाभारा सूर्याचा. होय — सूर्याचा. दाराच्या चौकटीवर दगडाची अशी नक्षी की जणू सुईनं केलीय. मी बघत राहिले, आणि बाहेर आलो तेव्हा ती पायरीवर बसली. तोंड सुकलेलं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि नेहमीसारखं विचारलं, "सुमनबेन, सूरज छे ने?"

मी पाहिलं. घरांच्या मागे नुसती लाली होती. सूर्य गेला होता. मी त्याला जाताना पाहिलं होतं, मघाशी, खांबाआडून.

"आहे. प्या," मी म्हटलं.

ती प्यायली. डोळे मिटून, घोट-घोट. मग खाकरा काढला, मोडला, आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला — तमे पण ल्यो. मी खाल्ला. तिच्या हातचा. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

पण थांबा, ह्याहून वाईट पुढे आहे. गाडीत चढलो तर पुष्पाबेननं विचारलं, जेवलीस? कांताबेन हो म्हणाली. "अरे, सूरज तो क्यारनो आथमी गयो!" — कधीच मावळला की! कांताबेनची मान माझ्याकडे वळली. तेव्हा सांगता आलं असतं. चुकले म्हणता आलं असतं, निदान नीट दिसलं नाही, एवढं तरी. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आणि ती नणंदेवर केवढ्यानं कडाडली — "सुमनबेन खोटुं ना बोले!"

त्या सकाळचं तिचं एक वाक्य मी तुम्हाला सांगितलं नाही. मुद्दामच. बाईला देते म्हटल्यावर ती म्हणाली होती — नाही कसं म्हणू, तिला किती वाईट वाटेल. हेही मी ऐकलं होतं. लक्कुंडीच्या आधीच ऐकलं होतं.

पुढे तिचे डोळे अजून गेले. तिचं घर पूर्वेला, माझी गॅलरी पश्चिमेला, समोर तेव्हा मोकळी मिठागरं. रोज संध्याकाळी जिन्यातून हाक यायची — "सुमनबेन, सूरज छे?" मी रोज खरं सांगितलं. एकदाही चुकले नाही. आणि कढईही सोडली नाही. चकली करत राहिले, डबा देत राहिले, "बहु सरस" ऐकत राहिले.

ती गेली, तेव्हा प्रार्थनासभेत तिची सून बोलली. बांचा, म्हणजे सासूबाईंचा, चौविहार जन्मात एकदाही मोडला नाही, म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं — ह्यांच्या डोळ्यांमुळे. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात जोडले.

आता समोर टॉवर आलेत. माझ्या गॅलरीतून सूर्य दिसत नाही.