वाळवंटासाठी चार ड्रम

नागापूरच्या वर्कशॉपात जुन्या टेम्पोत पलंग नि शेगडी बसवून घेतली आणि आम्ही नवराबायको दोन कुत्री घेऊन राजस्थानच्या वाळवंटात निघालो. निघण्याआधी आमच्या जामखेडात पाण्याचा टँकर आला तेव्हाच ह्यांनी चार ड्रम भरून टेम्पोत चढवले. कुत्र्यांना जागाच उरली नाही. ती ड्रमांवर चढून बसली.

मी वैतागले. "अहो, तिथं काय पाणी मिळत न्हाई व्हय?"

"वाळवंट हाय ते," हे म्हणाले.

तिथं ज्या ज्या दारात थांबलो, तिथं आधी कुत्र्यांना पाणी मिळालं, मग आम्हाला. ड्रमांची झाकणं उघडायची वेळच आली नाही.

परत आलो तर आमचा नळ कोरडा आणि टँकर चार दिवसांनी येणार होता. मी एका ड्रमाचं झाकण उघडलं आणि पहिला तांब्या कुत्र्यांच्या ताटलीत ओतला.