दर चवथीला मांद्र्याहून

माझ्या सासऱ्यांच्या बाराव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, "असा कुटुंबवत्सल माणूस परत व्हायचा नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी वाढत होतो. आमटीची पळी हातात तशीच राहिली आणि मनात आलं, झालं! मेल्यावरसुद्धा पहिला नंबर यांचाच!

सासऱ्यावर जळणारा जावई मी तरी दुसरा पाहिलेला नाही. सासू-सुनेचं समजू शकतो. पण मी जळलो, आणि चांगला पोटभर जळलो. कारण एकच. माझ्या बायकोच्या डोळ्यांत जी जागा माझी असायला हवी होती, तिथे हा उंच, ताठ, मिशीवाला माणूस आधीच बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

मी डिचोलीचा. पाळी गावच्या एका खाणीवर खनिजाच्या ट्रकांचा वजनकाटा सांभाळायचो. संध्याकाळी घरी यायचो तो पायापासून केसांपर्यंत तांबडा होऊन. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "आंघोळ करा आधी." मान वर करायची नाही. आणि मांद्र्याहून तिचे बाबा आले, की काय सांगू! फाटकाची कडी नुसती वाजली तरी ही हातातलं पीठ तसंच घेऊन दारात. चुलीवर दूध उतू गेलं तरी भान नाही. मी दूध खाली उतरवायचो आणि धुमसायचो.

मामा, म्हणजे सासरे, गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाच सीमा ओलांडून सावंतवाडीला पळाले आणि तिथून पलटणीत भरती झाले. गोवा मोकळा झाल्यावर लग्न केलं, पण नोकरी सोडली नाही. दोन लढाया पाहिल्या. डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेली. पेन्शनीत आले तेव्हा माझी बायको शाळेत वरच्या वर्गात होती. आणि मग या गृहस्थाने संसाराला जे वाहून घेतलं, ते विचारू नका. विहिरीचं पाणी हे काढणार. बाजारातून आणलेले बांगडे हे साफ करणार. मुलीच्या वेण्या हे घालणार, त्याही अशा घट्ट, की पोरीचे डोळे ताणले जायचे म्हणे. सासूबाई बलकांवात, दारापुढच्या सोप्यात, बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायच्या. वाड्यातले, म्हणजे वस्तीतले, पुरुष हसायचे, बायलेचो, बायकोचा गुलाम, म्हणायचे. मामाही त्यांच्यात हसायचे आणि पुन्हा विहिरीवर जायचे.

ह्या असल्या माणसाची मुलगी माझ्या पदरात पडली. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? मी घागर उचलली तर ती म्हणणार, "बाबा दोन उचलायचे." मी मासे आणले तर म्हणणार, "बाबा असते तर डोळा बघून घेतले असते." एकदा मला ताप आला, तर माझ्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता म्हणते, "बाबा तापातसुद्धा दाढी करायचे." अंगाचा तिळपापड झाला. ताप त्यानेच उतरला असावा.

पण माझं खरं डोकं फिरायचं ते चवथीला, म्हणजे गणपतीत. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला नवरीच्या माहेरून व्हजें येतं. करंज्या, लाडू, नारळ, केळ्यांचा घड, टोपल्या भरून. मग ते सगळ्या वाड्यात वाटायचं, आणि वाडा ते चाखून सुनेच्या माहेराची किंमत ठरवतो. पहिल्या वर्षी मामा आले ते दोन टोपल्या घेऊन, एक डोक्यावर, एक हातात. बसस्टँडपासून हमालसुद्धा केला नाही. वाड्याने करंज्या डोक्यावर घेतल्या. मीही खाल्ल्या, चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू?

पण दुसऱ्या वर्षी पुन्हा टोपल्या! तिसऱ्या वर्षी पुन्हा! अहो, रीत एका वर्षाची. बायकोची धाकटी बहीण पेडण्यात दिली होती, तिच्याकडेही तसंच. दोन्ही घरी चवथीच्या आदल्या दिवशी हे हजर. माझी आई सुद्धा कुजबुजू लागली, "ह्या माणसाला सांगा रे कोणीतरी, आपल्या घरात काय खायला नाही काय?" मी फटाके, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, आईला साडी, सगळं आणायचो, आणि कोणी विचारायचं नाही. सगळ्यांचं लक्ष त्या टोपल्यांकडे. शेवटी मी म्हणालोच, "मामा, आता पुरे करा. लोक हसतात."

"हसूं देत," ते म्हणाले. "तुम्ही पण हसा, जावयबापू. करंजी खाऊन हसा."

अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

मग भाषेचं आंदोलन पेटलं. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत तोंडं फिरली होती. रस्त्यांवर झाडं पाडून ठेवली, बसगाड्या बंद झाल्या. बायको तेव्हा दिवसांत होती, पहिलटकरीण, आणि दोन दिवसांनी तिला बाळंतपणाला मांद्र्याला न्यायचं ठरलेलं. त्या सकाळी आमच्याकडचा रस्ता अजून मोकळा होता, म्हणून मी पाळीला कामावर गेलो. दुपारी निरोप आला की तिला कळा सुरू झाल्यात. ट्रक सगळे अडकलेले. सगळे म्हणाले, थांब, रस्ता आत्ता मोकळा होईल. मी थांबलो. मग कंटाळून चालायला लागलो, पाडलेल्या झाडांवरून चढत-उतरत. मनात एकच, आज तरी तिला दिसेल की तिच्यासाठी कोण धावत आलं.

धापा टाकत घरी पोचतो तर पायरीवर मिलिटरीचे बूट!

रस्ते बंद झाल्याचं ऐकून हा माणूस पहाटे मांद्र्याहून निघाला होता. चोपड्याची फेरीबोट बंद, तर कुणा मच्छीमाराची होडी पकडून शिवोलीला उतरला आणि म्हापसा, अस्नोडा करत डिचोलीपर्यंत चालत आला. बोटं नसलेल्या पायाने. वाटेत पोरांनी अडवून विचारलं, तुम्ही कोकणीवाले की मराठीवाले? म्हणाले, "माझी लेक बाळंत होतेय." कोकणीवाल्यांनी सोडलं, मराठीवाल्यांनीही सोडलं. घरी येऊन हिला खुर्चीत बसवलं आणि शेजाऱ्याला दुसऱ्या बाजूने धरायला लावून खुर्चीसकट इस्पितळात नेली. बूट काढून माझ्याच चपला घालून गेले होते, पाय सुजले म्हणून.

मी इस्पितळात शिरलो तेव्हा मुलगी त्यांच्या हातात होती. माझी मुलगी! त्यांनी लगेच माझ्याकडे दिली, म्हणाले, "घ्या, तुमची." पण बापाआधी आजोबाने घेतली ती घेतलीच. खाटेवरून बायको बघत होती, आणि बघत होती कोणाकडे? त्यांच्याकडे. त्यांच्या सुजलेल्या पायांकडे. मीही चाललो होतो हो! माझ्या पायांकडे कोणी बघितलं नाही.

तो दिवस मला गिळता आला नाही. गोव्याचं वेगळं राज्य झालं, मुलगी मोठी झाली, भाषेवरून तापलेली सगळ्यांची डोकी थंड झाली, पण चवथीच्या टोपल्या यायच्या आणि माझ्या घशात तेच अडकायचं.

सासूबाई गेल्या आणि मामा आमच्याकडे डिचोलीला राहायला आले. हात थरथरू लागले होते. दाढी स्वतः करताना गाल कापून घ्यायचे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एका रविवारी दुपारी बायको बाजारात गेली होती. मी त्यांना जनेलाजवळ उजेडाला खुर्चीत बसवून, साबण लावून वस्तरा फिरवत होतो. तेव्हा एकाएकी म्हणाले, "तू माझ्यावर जळतोस."

आयुष्यात पहिल्यांदा मला तू म्हणाले. माझा हात थांबला.

"मी पण जळतों," ते म्हणाले. "तुझ्यावर. तिच्या लग्नापासून."

आणि मग साबण लावलेल्या तोंडाने सांगत बसले. मुलगी चार वर्षांची असताना रजेवर घरी आले, तर ती किंचाळून बाहेर पळाली ती पाव विकायला आलेल्या पोदेराच्या गळ्यात पडली. घरात कोण मनीस आयला, म्हणून रडू लागली. पोदेर तिला सायकलीवरून वाड्यात फिरवायचा, त्याला ती ओळखत होती. "समोरच्या शत्रूचा कधी इतका राग आला नव्हता, जितका त्या पोदेराचा आला," म्हणाले. तिला बाबा म्हणायला शिकवेपर्यंत रजा संपायची. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. चवथीला तर एकदाही रजा मिळाली नाही. तिच्या लहानपणाची एकही चवथ त्यांनी पाहिली नव्हती. "टोपल्यांना लोक हसायचे," म्हणाले, "पण मला त्या पोचवायच्या राहिल्या होत्या."

मी वस्तरा बाजूला ठेवला.

"माझ्यासाठी ती दारात धावते, ते तुला खुपतं ना? अरे, मी येईन की नाही, ह्याची तिला लहानपणी कधी खात्रीच नव्हती. म्हणून धावते. तू आलास की ती मान वर करीत नाही. इतकी तिला तुझी खात्री. मला ती कधी मिळाली नाही, आणि आता मिळायची पण नाही. मेल्या, रोज सांजवेळी घरी येतोस तू!"

मी वस्तरा उचलून उरलेली दाढी केली. माझ्याच हातून हनुवटीवर एक छोटा काप गेला.

त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत ते. बारावं उरकलं, पाहुणे गेले. बायको रडून रडून थकली होती. भांडी आवरता आवरता मला म्हणाली, "शेवटी शेवटी बाबा तुमच्यापाशीच जास्त बोलायचे. त्या रविवारी मी बाजारातून आले, तर तुम्ही दोघं गप्प बसला होता. काय म्हणाले होते हो?"

सांगावं असं फार आलं मनात. ती इतकी आशेने बघत होती, बापाचा आणखी एक शब्द मिळेल म्हणून. पण त्यांच्या मिशा, त्यांचे बूट, त्यांच्या चवथी, सगळं तिचंच होतं. माझ्या वाट्याला त्यांचं एवढंच आलं होतं.

"चहा मागितला," मी म्हणालो.

"नुसता चहा?"

"नुसता चहा."