गाठींच्या आतलं गवत

माझं अक्षर चांगलं आहे, असं लहानपणापासून सगळे सांगत आले. गावातले अर्ज, सोयरिकीची पत्रं, शाळेच्या दारावरचा फलक, सगळं माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. मलाही त्याची बरीच घमेंड होती. एकदाच या अक्षराची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. धनजच्या पुढे आमचं गाव आणि गावामागे ई-क्लासचा माळ, म्हणजे सरकारी गायरान. कमरेएवढं गवत यायचं तिथे. दसरा झाला की आमच्या बौद्धपुऱ्यातल्या बायका ते कापून भारे विकायच्या. बाकी वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात राबायचं. ते दोन महिने तेवढे स्वतःच्या हातातले. हा माळ वाहितीला द्यावा म्हणून वरच्या आळीतल्या मोठ्या शेतकऱ्यांचे अर्ज कधीपासून पडून होते. त्यातले दोन-तीन मीच लिहून दिले होते, माझं अक्षर चांगलं म्हणून.

त्या माळावर पावसाळ्यात तणमोर यायचे. कोंबडीएवढं पाखरू. श्रावणात काळा नर गवतातून सरळ वर उडी मारायचा, टर्र आवाज करायचा आणि खाली बुडायचा. मादी गवतात जमिनीवरच अंडी घालायची. माझ्या बाबांना तिची जागा बरोबर कळायची. मग ते त्या जागेभोवती, वीस-वीस पावलांवर, उभ्या गवताच्या चार जुड्यांना गाठी मारून यायचे. गाठींच्या आत गुरं जायची नाहीत, विळा जायचा नाही, माणूसही जायचा नाही. हे त्यांच्या बापाकडून आलेलं होतं. बौद्धपुऱ्यात हे कुणाला शिकवावं लागत नसे, कारण गवत कापणारे हात सगळे आमचेच होते.

अमरावतीचे एक म्हातारे प्राध्यापक हा पक्षी शोधत धनजला उतरले आणि कुणीतरी त्यांना बाबांकडे पाठवलं. बाबांनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला. "पाखरू पाह्यचं असन तं गपचूप माह्या मांगं या. आंगावर पांढरं नोको. अन् गाठीच्या आत पाय टाकू नोका." प्राध्यापकांनी मुकाट्याने ऐकलं. ते बाबांना अहो-जाहो करायचे. आमच्या गावात बाबांना कुणी अहो म्हणत नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस बाबा मागे वळून पाहायचे, कुणाला बोलतात म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात प्राध्यापक आपल्या ओळखीचे लोक घेऊन आले. एका वेळी दोघं, जास्त नाही, ही बाबांची अट. धनजहून आमच्याच बौद्धपुऱ्यातली बैलगाडी त्यांना आणायची, आमच्याच घरांत ते भाकरी आणि जवसाची चटणी खायचे, आणि जाताना चार घरांना रोजीपेक्षा बरं काही मिळायचं. वरच्या आळीतले लोक ओट्यावरून पाहायचे. शहरातले शिकलेले लोक आमच्याकडे जेवून राहिले, हे त्यांना रुचत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. आई त्या दिवसांत लुगडं जरा नीट नेसायची.

तिसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी अकोल्याच्या कलेक्टर कचेरीतल्या मोठ्या साहेबांना माळ दाखवायचं ठरवलं. साहेबांनी घरटं डोळ्यांनी पाहिलं की माळ गवताचाच राहील, बाबा त्याचे राखणदार होतील, दसऱ्यानंतरची कापणी आमच्या बायकांच्या नावे कायम होईल, आणि दर पावसाळ्यात मोजके पाहुणे येत राहतील. प्राध्यापकांनी हे सगळं पत्रात लिहिलं होतं. मी ते बाबांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी मागितलं तेव्हा मी वैतागलो.

मी तेव्हा गावच्याच शाळेत मास्तर होतो, अजून कायम व्हायचा होतो. साहेब सोमवारी येणार होते. त्याच्या आदल्याच आठवड्यात मंगरूळपीरच्या आत्याची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. बाबांनी माळावर जाऊन चार गाठी मारल्या, मला जागा दाखवली आणि म्हणाले, "म्या ऐतवारी संध्याकाळच्या गाडीनं येतो. तवरोक माळावर कोनाले जाऊ देऊ नोको." मी हो म्हणालो.

शनिवारी सरपंच शाळेत आले. "मास्तर, साहेब लोकं गवतातून चालतीन का? इच्चूकाटा आहे. बसाले जागा तं पाह्यजे. रविवारी श्रमदान ठेवा." मला ते पटलं, हे मी लपवत नाही. पाहुणा येणार म्हणजे अंगण झाडायचं, सडा घालायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. शिवाय वरची आळी पहिल्यांदाच माझ्या शब्दावर विळे घेऊन यायला तयार झाली होती. रविवारी आमच्या बायका निंदणाला गेल्या होत्या. श्रमदान फुकटचं, ज्याचं हातावर पोट त्याला ते परवडत नाही. म्हणजे ज्यांना गवत कळत होतं त्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. होतो तो मी.

मी सगळ्यांना वाटेपासून बाभळीपर्यंत कापायला सांगितलं. गाठी लांबून दाखवल्या. "तिकडं जाऊ नका, आणि गेलात तर गाठी मारलेल्या जुड्यांना विळा लावू नका," असं बजावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. बाबांनीच जागेचा बोभाटा करू नये असं शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला शाळेत परतायची घाई होती. स्वागताचा फलक अर्धवट राहिला होता. रंगीत खडूंनी मी त्यावर वेलबुट्टी काढत बसलो. दुपार कशी गेली कळलं नाही.

संध्याकाळी माळावर गेलो तर सगळं मैदान झालेलं. लोकांना हुरूप आला होता. बाभळीपाशी न थांबता ते पार पलीकडच्या बांधापर्यंत गेले होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. आणि त्या उघड्या माळावर गाठी मारलेल्या चार जुड्या तेवढ्या उभ्या होत्या. त्यांना कुणी विळा लावला नव्हता. आजूबाजूला अगदी हाताने साफ केलं होतं, आणि एका जुडीला कुणीतरी झेंडूचं फूल खोचलं होतं. "पाहा मास्तर, तुमच्या गाठी जशाच्या तशा हायेत," सरपंच म्हणाले.

चार गाठींच्या मधोमध मला टरफलं सापडली. एक अंडं शाबूत होतं, हिरवट तपकिरी, आणि गार.

बाबा शेवटच्या गाडीतून उतरून थेट माळावर आले. मी तिथेच होतो. त्यांनी चारही गाठी पाहिल्या, मग मधली जागा पाहिली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे काय करून ठेवलं रे बाबू," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी ते अंडं उचललं, कानाशी धरलं आणि होतं तिथेच ठेवलं. मग घराकडे निघाले. मी मागून चालत होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी साहेब आले, बरोबर प्राध्यापकही होते. जेवण सरपंचांच्या घरी होतं, बाबा आणि मी बाहेर उभे होतो. साहेब माणूस वाईट नव्हते. माळावर येता येता त्यांनी समजावून सांगितलं की आता नवीन कायदा आला आहे. असं घरटं कुणी मोडलं तर खटला होतो आणि नोकरीवाला असला तर नोकरीही जाते. मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. माळावर पोचलो तर मधल्या जागेत टरफलं नव्हती, अंडंही नव्हतं. पहाटे बाबा एकटेच माळावर जाऊन आले होते.

"कुठे आहे तुमचं घरटं?" साहेबांनी विचारलं.

प्राध्यापक त्या चार जुड्यांकडे टक लावून पाहत होते. त्यांना गाठींचा अर्थ माहीत होता. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात बाबांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. मग साहेबांना म्हणाले, "औंदा पाखरू आलंच नाई सायब. माळ सोडून गेलं ते."

माझ्या बाबांना मी खोटं बोलताना तेव्हाच पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, मला नोकरी हवी होती.

दोन वर्षांत त्या माळावर नांगर फिरला. एकही तुकडा बौद्धपुऱ्यात आला नाही. दसऱ्यानंतर आमच्या बायका त्याच जमिनीवर दुसऱ्याची ज्वारी कापायला जाऊ लागल्या. प्राध्यापक परत आले नाहीत. मी मात्र वर्ष संपायच्या आत कायम झालो.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी साहेब बाभळीखालच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग तसा जबाब लिहून द्या. कुणाचं अक्षर चांगलं आहे?" चार-पाच बोटं माझ्याकडे वळली. मी लिहिलं की या माळावर तणमोर राहिलेला नाही आणि माळ राखून ठेवण्याचं कारण दिसत नाही. अक्षर जराही बिघडलं नाही. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"चांगलं काहाडलं अक्षर," ते म्हणाले, आणि अंगठा उठवला.