बॉयलर आणि आईची आंघोळ

अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या पहिल्या घरात आधीच्या मालकाने हौसेने एक युरोपियन बॉयलर बसवला होता. त्यात पाणी साठत नसे. नळ सोडला की नळीतली छोटी भिंगरी फिरायची, पाणी वाहतंय हे सेन्सरला कळायचं आणि तळघरात बर्नर पेटायचा. आसपास कुणाकडेच तसा नव्हता, त्यामुळे काही बिघडलं की मीच उतरायची. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते मी, आणि त्याची चांगलीच घमेंड होती.

त्या हिवाळ्यात मला सातवा महिना होता आणि आई बाळंतपणासाठी साताऱ्याहून आली होती. आठवडाभराने म्हणाली, "पाणी जरा कोमटच येतंय गं." नवरा म्हणाला, "अगं, टेक्निशियनला कॉल कर ना." मी कसली ऐकते! वीज आणि पाणी बंद करून सेन्सर सोडवला. भिंगरीवर पांढरा क्षार धरला होता. तो व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासला, सगळं परत बसवलं आणि वर येऊन नळ पूर्ण सोडला. वाफाच वाफा.

"बघ," मी म्हटलं.

"छान झालं," आई म्हणाली.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी जेवताना तिने विचारलं, "माझं तिकीट अलीकडचं करता येईल का? मला इथलं नाही झेपत."

मी भडकले. पोटच्या पोरीला अशा वेळी सोडून जायचं सुचतं कसं? "सोमवारी एजंटला फोन करते," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी धड बोललेही नाही. खरं तर मला बाळंतपणाची भयंकर भीती वाटत होती, आणि ते तिला सांगायला जीभ रेटत नव्हती.

रविवारी सकाळी कपडे मशीनला लावायला तळघरात गेले. वर आईची आंघोळ चालली होती. पाइपमधून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता, बॉयलर मात्र गप्प. सेन्सर परत गेला, असं पुटपुटत मी वर येऊन बाथरूमचं दार वाजवलं. आईने टॉवेल गुंडाळून दार उघडलं. नळाखाली बादली होती आणि तिच्यात करंगळीएवढी धार पडत होती. हात लावला, तर पाणी बर्फासारखं.

एवढ्याशा धारेने भिंगरी फिरणार कशी? मी तपासताना नळ पूर्ण सोडला होता. आई जन्मभर तो बारीकच सोडत आली होती.

"आई, तीन आठवडे गार पाण्याने आंघोळ करतेयस? बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले की. एवढं पोट घेऊन वाकून दुरुस्त केलंस. परत कसं सांगू? सांधे असे धरलेत, वाटलं, मीच अंथरूण धरलं तर तू माझं करणार की बाळाचं? आणि जावयाच्या घरी किती तक्रारी करायच्या?"

"हे माझं घर आहे गं," मी म्हटलं आणि दारातच रडायला लागले. "मला भीती वाटते. तू जाऊ नकोस."

मी आत जाऊन नळ पूर्ण सोडला. हळूहळू पाणी तापलं. आईने दोन्ही हात बादलीत घातले आणि कितीतरी वेळ तसेच ठेवले.

"दार लाव आता, गार वारा येतोय," ती म्हणाली. "आणि उद्या तो फोन करू नकोस."