एका दारामागच्या चुली

अमरावतीच्या कॉलेजात एम.ए.ला असताना आमच्या सरांनी ठरवलं की विद्यार्थ्यांनी शहरांवर निबंध लिहून सभेत वाचावेत. सर्वांत चांगला निबंध नागपूरला विद्यापीठात वाचला जाणार होता, आणि तो वाचणाऱ्याला तिथे संशोधनाला जागा मिळणं जवळजवळ नक्की होतं. जागा एकच होती. ती माझी आहे हे मी निबंध लिहिण्याआधीच धरून चाललो होतो.

मी अमरावती निवडली. ग्रंथालयात परदेशी शहरांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. शहर मध्यापासून वर्तुळावर्तुळांनी वाढतं, असं त्यात दिलं होतं. मी अमरावतीला पाच रंगांच्या शाईत पाच वर्तुळं घातली. काही मोहल्ले वर्तुळात बसेनात, तेव्हा मी वर्तुळ थोडं फुगवलं. कुटुंबं मोजण्यासाठी गल्लोगल्ली फिरून दारं मोजली, कारण पुस्तकात एका दाराला एक कुटुंब होतं.

वर्गात अकोल्याचा एक मुलगा होता. खोलीत एकच खुर्ची असली तर ती दुसऱ्याला देणारा, आणि दिल्याचं लक्षातही न ठेवणारा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. अकोल्यातल्या जुन्या गल्ल्यांतल्या ओसऱ्यांनी मात्र त्यांना अजून पूर्वीच्याच अंतरावर उभं ठेवलं होतं. इंग्रजी तो माझ्यापेक्षा हळू वाचायचा. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण त्या काळी मला याचा फार आधार वाटे.

सभेला अध्यक्ष म्हणून गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आले. त्यांच्यापुढे जाळीच्या रुमालाने झाकलेला पाण्याचा पेला होता. शहर या विषयावर ते पाऊण तास बोलले आणि त्यात शहर कुठेच आलं नाही. मग मी वाचलं. वर्तुळांचा नकाशा दोघांनी धरून उभा केला. टाळ्या चांगल्या पडल्या.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा अकोल्याचा उठला.

"भाऊ, तुमी दारं मोजली. तुमच्या घराले दारं किती?"

"एक."

"अन् चुली?"

मी मनात घर फिरून आलो. आमच्या घरात दोन काका वेगळे झालेले होते. माझ्या आईने आणि धाकट्या काकूने कित्येक वर्षांत एकमेकींकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं. आणि मी माझंच घर एक कुटुंब म्हणून मोजलं होतं.

"तीन," मी म्हणालो.

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मंग वर्तुळं बी तीनच काढा न बाप्पा!" सभा हसली. अध्यक्षही हसले, बहुधा पहिल्यांदाच काही समजल्यामुळे.

मग त्याने आपला निबंध वाचला. नकाशा नव्हता. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आमच्याकडे चुलीला लागतात. त्याची आई अकोल्यात त्यांच्या मोळ्या विकायची. वेगळी झालेली जाऊ दुसरीच्या ढिगातली काडी उचलत नाही. प्रत्येकीचा ढीग परसात स्वतंत्र. समोरच्या दारातून त्याला कोणी आत घेतलं नसतं, म्हणून तो मागच्या बोळांतून फिरला, ढीग मोजले, आणि अकोल्याच्या जुन्या भागात एका दारामागे किती कुटुंबं राहतात ते मांडलं. गणित तिसरीतल्या पोराला कळेल इतकं सोपं. ऐकताना हे मला का सुचलं नाही, एवढंच डोक्यात होतं. आमच्या परसात तीन ढीग होते आणि मी रोज ते ओलांडून जात होतो.

सरांना पेच पडला. त्यांनी मला बोलावलं. "तू अकोल्याला जा आणि एक बोळ मोजून ये. त्याचे आकडे पडताळायला हवेत." प्रतिस्पर्ध्याकडूनच पडताळणी करून घेणं त्यांना निःपक्षपाती वाटलं असावं.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी अकोल्याला गेलो. वाटेत एकच प्रार्थना होती, की चूक सापडो. बोळात घरामागून घर जुळत गेलं आणि मी खचत गेलो. मग कोपऱ्यावरचं घर आलं. परसात ढीग दोन. त्याच्या यादीत चूल एक. मी वहीत खूण केली. इतका निर्मळ आनंद मला परीक्षेतही झाला नव्हता.

"काय मोजून राहिले, भाऊ?" मागून आवाज आला. डोक्यावर मोळी असलेली बाई. चेहऱ्यावरून कोणाची आई ते लगेच कळलं.

"चुली," मी म्हणालो. "इथे दोन आहेत ना?"

"नाही बाप्पा. चूल एकच हाय. लहान्याचं लगन व्हाचं हाय अजून. येनाऱ्या सुनेचा ढीग सासूनं आतापासूनच वेगळा काढला." ती हसली. "पोरगी घरात आली नाही अन् वाटनी झाली. पोराले मीच सांगतलं, एकच धर म्हनून."

मी खूण खोडली.

परतल्यावर सरांना मी दोन वाक्यं सांगितली. आकडे बरोबर आहेत. मात्र या पद्धतीला कुठल्याही ग्रंथाचा आधार नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. सर ग्रंथांवर जगणारे होते, हे मला ठाऊक होतं. चार दिवसांनी फळ्यावर माझं नाव लागलं. नागपूरला मी वर्तुळं वाचली आणि जागा मला मिळाली. तो अकोल्यात सरकारी कचेरीत लागला.

पण त्याआधी, फळ्यावर नाव लागलं त्याच दिवशी, तो कॉलेजच्या फाटकाशी माझ्याकडे आला होता. मला वाटलं, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"मायनं सांगतलं, तुमी येऊन गेले. आकडे निघाले का बरोबर?"

"सगळे."

"सरले तसंच सांगतलं न?"

"हो. बरोबर आहेत म्हणून सांगितलं."

"मंग झालं." त्याचा चेहरा खरोखर उजळला. "मायले लय काळजी होती. म्हने, माह्या बोलन्यावर तू लिवलं, चुकलं तं लोक तुले हसतीन. आज सांगतो तिले, खूश होईन."

तो सायकलवर बसून निघून गेला. दुसरं वाक्य मी त्याला सांगितलं नाही. माझ्या आईने माझा निबंध कशावर आहे हे कधी विचारलं नव्हतं, आणि फाटकाशी उभं राहून मला त्याचा, फळ्यावर माझंच नाव असताना, सभेतल्यापेक्षा जास्त हेवा वाटला.