देव्हाऱ्यातला बिल्ला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गाणगापूरला जाऊन दत्तासमोर तरी बोलावं — पण तिथं पाऊल टाकायचीच हिंमत होत नाही. का, ते कळेलच तुम्हाला. आत्ता लिहितानाही दोनदा दाराकडं बघून झालंय.

बिदरला, नौबादमध्ये माझं भांड्यांचं दुकान आहे. मोडीत आलेल्या पितळेत कधीमधी जुने लष्करी बिल्ले सापडायचे — टोपीवरचे, खांद्यावरचे, दुसऱ्या महायुद्धातले. त्याचा नाद लागला. खरा कुठला, नकली कुठला, हे मला कळतं असं लोक म्हणायला लागले. आणि लोक म्हणायला लागले की माणूस चढतोच ना?

खरा बिल्ला ठशानं दाबलेला असतो. नक्षीच्या रेषा धारदार, आणि पाठीमागं तीच नक्षी खोलगट उमटलेली. नकली बहुतेक ओतीव — नक्षी बोथट, पाठ सपाट. म्हणजे पाठ बघितल्याशिवाय तोंड उघडायचंच नाही. हे मीच दुसऱ्यांना शिकवायचो.

एका वर्षी कुणीतरी माझ्या गळ्यात नकली बिल्ला खरा म्हणून मारला होता. दुधानं तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून पीत होतो. अशात जवळच्याच कमठाणा गावची तुळजाक्का आली. बापाची एकुलती एक लेक. बाप युद्धात ब्रह्मदेशात लढून आलेला. तो गेल्यावर त्याच्या टोपीचा बिल्ला तिनं देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी ठेवला, रोज पूजा केली. गावात कुणीतरी तिला डिवचलं होतं — तुझा बाप कसला लढतोय, तो तर हैदराबादेत हमाली करत होता. म्हणून ती आली होती. खरंखोटं करून घ्यायला — माझ्याकडं.

दुकानात दोन-चार माणसं बसलेली. नक्षी बोथट दिसली. मी रुबाबात मोबाईलवर पुढून-मागून फोटो काढले, पण पाठ काळी पडलेली होती, नीट बघितलीच नाही. बोलून मोकळा झालो — "नकली हाय, अक्का."

"मग माझा बाप लबाड बोलला व्हय, अण्णा?"

"पितळ खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो. बसलेले हसले. ती उठली. खोटी वस्तू देवाजवळ कामून ठेवू, येत्या पौर्णिमेला गाणगापूरच्या संगमात सोडून देते, म्हणाली.

पुढं दोनेक दिवसांनी तो पाठीचा फोटो मोठा करून बघितला. त्या काळ्या पाठीवर तीच नक्षी खोलगट उमटलेली होती, रेघ न् रेघ. बिल्ला खरा होता. समोरची बाजू बोथट झाली होती, कारण तुळजाक्का ती वर्षानुवर्षं चिंच-राखेनं घासत आली होती. अहो, मी भांडी विकणारा माणूस! घासून घासून देवांची नाकं-डोळे झिजतात, हे मला कळू नये?

पौर्णिमेला अजून अवकाश होता. कमठाणा काय परमुलखात आहे? मी गेलो नाही. भ्यालो. कुणाला? त्या हसणाऱ्या दोन-चार जणांना. उद्या ते मला हसतील, याला. पौर्णिमा झाली, बिल्ला पाण्यात गेला.

मग भीतीनं घरच केलं. कमठाण्याकडची जीप दुकानासमोर थांबली की कोण उतरतंय ते बघत राहायचो. फोटो पुसून टाकला, तरी बघायचो. आणि ती यायची — भांडी माझ्याकडूनच न्यायची. एकदा म्हणाली, "खरं सांगितलं ते बरं झालं, अण्णा. आता मीच लोकाला सांगायलेय, माझा बाप थापा मारत होता म्हणून." मी तिला चहा पाजला. सांगावं, असं ओठावर आलं — आणि मी तिला ताटांचा भाव सांगितला.

गेल्या महिन्यात कळलं, तुळजाक्का अंथरुणाला खिळलीय, फार दिवस काढत नाही. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेच खरं सांगायचं होतं. वाईट वाटलं, असं नाही. सुटलो — असं आलं. त्या शब्दाला मी तेव्हापासून भितोय.

ती अजून आहे. शुद्धीत आहे, माणसं ओळखते. मी गेलेलो नाही.