जऊळक्याला, विमानातून उतरवलेल्या मावशींकडे

सुट्टी मिळाली की लोक गोव्याला जातात, कोकणात जातात, अगदीच काही नाही तर महाबळेश्वरला जाऊन तीच ती स्ट्रॉबेरी खातात. मी या वेळी वाशिम जिल्ह्यात गेले. का, तर तिथल्या एका बाईंना मी विमानातून खाली उतरवलं होतं, आणि आता त्या विमानात चढायला तयार नव्हत्या.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी केबिन क्रूमध्ये आहे. विमानाच्या दारात उभी राहून हसते ना, ती. त्या हसण्यात आमचं एक काम दडलेलं असतं, ते म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला नीट बघून घेणं. कोण आजारी आहे, कोण घाबरलंय, कोण ‘टाकून’ आलंय. त्या दिवशी नागपूरहून बंगळूरला निघालेल्या विमानात सुभद्रामावशी चढल्या तेव्हा माझं हसू अर्ध्यावरच थांबलं. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. डोळे लालभडक, ओठ कोरडे पडून चिकटलेले, पाय कुठे पडतोय याचा पत्ता नाही. मला बघून आधी खुदकन हसल्या, मग “वर्षा, आली का वं?” म्हणत रडायलाच लागल्या.

मागून एक जण म्हणाला, “म्हातारी फुल आहे.” दुसऱ्यानं मोबाईल वर केला. त्याला मी सांगितलं, “तो आधी खिशात टाका, मग सीटवर बसा,” आणि मावशींना पुढच्या पडद्याआड घेतलं. आमची शिकवण साधी आहे. चारचौघांत विचारायचं नाही, आवाज चढवायचा नाही, एकटं सोडायचं नाही. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा मागमूस नव्हता. “मावशी, कुठलं औषध घेतलंय का?” तर म्हणाल्या, “नाई वं, गोयी-औषध काईच नाई.”

वैमानिक आले, त्यांनी पाहिलं, विमानतळावरचे डॉक्टर आले. काहीतरी अंगात गेलंय, काय ते कळत नाही, या अवस्थेत नेता येणार नाही, असं ठरलं. आणि ते बरोबरच होतं. वर हवेत कोणाचं बिघडलं तर रस्त्याकडेला गाडी लावून दवाखाना शोधता येत नाही. आजही तसंच घडलं तर मी तेच करेन. पण मावशींना चाकांच्या खुर्चीतून नेताना त्या पदर तोंडावर ओढून घेत होत्या, ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. पिशवीवर त्यांच्या मुलीचा, वर्षाचा, नंबर चिकटवलेला होता. दार बंद होण्याआधी मीच तिला फोन केला, त्यामुळे माझा नंबर तिच्याकडे राहिला.

काही दिवसांनी तिचा फोन आला. तिला आठवा महिना संपत आलेला, डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. माहेरी येणं शक्य नाही, सासू हयात नाही, नवरा नोकरीत अडकलेला. आणि आई म्हणते येत नाही. “ताई, रेल्वेनंही यायला तयार नाही. गावात सगळे म्हणतात नशेत होती म्हणून उतरवली. तुम्ही समजावता का?” फोनवर समजावून बघितलं. मावशींनी “हो, हो” केलं आणि फोन सुनेच्या हातात दिला. मग मी म्हटलं, जातेच.

आता तुमच्या कामाची माहिती. पुण्याहून रात्रीची गाडी धरून सकाळी अकोला गाठायचं. तिथून वाशिमकडे जाणारी पॅसेंजर जऊळक्याला थांबते. तिकीट इतकं स्वस्त की विमानतळावर तेवढ्यात चहाचा रिकामा कपही मिळणार नाही. वेळापत्रक मात्र निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. अकोल्यात स्टेशनबाहेर पोहे खाल्ले, वर तिखटजाळ रश्श्याची तर्री. ती हळू घाला, मला कोणी सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर तुरी पिवळ्या पडायला लागलेल्या, हरभरा नुकता फुलावर आलेला, आणि थंडी अशी गोड की खिडकी लावावीशीच वाटेना.

जऊळक्याला मावशींचा मुलगा गजानन मोटारसायकल घेऊन आला होता. अबोल माणूस. अर्ध्या रस्त्यात एकदाच बोलला, “मायले तुमी येऊन राह्यल्या हे सांगतलं नाई. नाईतर वावरात निघून गेली असती.”

मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

“कायले आली वं तू?”

“तुम्हाला न्यायला.”

“मागच्या वेळी उतरवलं, आता न्यायले आली. ठरव तं एकदाचं!”

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “सोल.” म्हणून सोलत बसले. खाली बघतच त्या बोलल्या, “चौसष्ट वर्सं झाली मले. सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाई कधी. अन् तू सगळ्यायसमोर माह्यं तोंड सुंगलं.”

पडदा ओढला होता, सगळ्यांसमोर नव्हतं, हे सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. पण पडद्यानं काय होतं? तोंडाचा वास त्यांचा घेतला होता. मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला फार लागलं ते. मला कळतंय.” जेवायला वाढताना त्यांनी माझ्या ताटात भाकरीवर तेल जरा जास्तच ओतलं. ओल्या तुरीच्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात. सोल्यांची भाजी, ज्वारीची गरम भाकर, मिरचीचा ठेचा. या जेवणासाठी मी पुन्हा पॅसेंजरनं येईन, हे लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मावशींनाच घेऊन शिरपूरला गेले. मालेगावहून बस मिळते, आम्हाला गजाननच्या मित्राची रिक्षा मिळाली. जुनं जैन मंदिर आहे, लांबलांबून यात्रेकरू येतात. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. आत गारवा, धूप आणि पायांखाली थंड फरशी. मावशींनी भक्तिभावानं हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “देवाले जमते बाप्पा अधांतरी राहाले. मले नाई जमत.”

“वर्षाला जमतंय का पण एकटीनं?” मी विचारलं. जरा कठोरच विचारलं, माझा स्वभाव तसा आहे.

मावशी मंदिराच्या पायरीवरच बसल्या. “तिच्या पाठच्या पोराच्या वक्ती माह्यी माय येऊ शकली नव्हती. नदीले पूर होता. मले ठाव हाये एकटीचं कसं होते ते.” मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “मले जावं वाटते वं. पन उद्या त्या पोरीच्या सासरचे म्हनतीन, हेच ते, नशावाली माय. अन् मलेच समजत नाई मले काय झालं होतं. पुन्हा झालं तं?”

तेव्हा कुठे मला खरा गुंता कळला. लोकांपेक्षा त्यांना स्वतःचीच धास्ती बसली होती, आणि ‘काय झालं होतं’ याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. परतताना मी पार हरलेली होते.

निघायच्या दुपारी बॅग भरून ओसरीवर आले, तर सून मीना पेला घेऊन उभी. “ताई, दूध घ्या.” इकडची रीत आहे, लांब निघालेल्या माणसाला कोरड्या तोंडानं धाडत नाहीत. प्यायले. गोड, घट्ट, छान. पेला ठेवते तोच मावशींच्या जाऊबाई मथुराकाकू आल्या, हातात झाकलेला पेला. “पाहुणी हाये, नाई म्हनाचं नाई.” निम्मं प्यायले. तोवर शेजारच्या काशीबाई फाटकातून आत, त्यांच्याही हातात पेला! आता पोटात जागा कुठली? आदर म्हणून नुसता तोंडाजवळ नेला, आणि तो वास आला. पहिल्या पेल्यात तो नव्हता, दुसऱ्यात होता.

“यात जायफळ आहे का?”

“हाये न! जायफयानं गाडीत मयमय होत नाई, झोप लागते,” काशीबाई कौतुकानं म्हणाल्या.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. “सुभद्रामावशी बंगळूरला निघाल्या, त्या पहाटेपण तुम्ही सगळ्यांनी दूध दिलं होतं?”

“म्हंजे काय? इमानात भेव लागते म्हनत होती ते. तिच्यासाठी तं चांगलं उगाळून देल्लं,” मथुराकाकू म्हणाल्या. “अर्धं घातलं मी.”

“अर्धं जायफळ?”

“मी जरासं जास्तच,” काशीबाई म्हणाल्या. “म्हनलं, इमान एस्टीहून उंच जाते.”

मी मीनाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. “मी पन घातलं होतं, ताई. पाव. डाक्टरनं फोनवर विचारलं तवा भेलीच मी. मनलं, लोक मनतीन, सुनेनं सासूले काय पाजलं.” आणि ती हमसून रडायला लागली. पोरीनं एवढे दिवस हे एकटीनं पोटात ठेवलं होतं!

मी तिथूनच आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, एवढं जायफळ पोटात गेलं तर धडधाकट माणूसही झिंगल्यासारखा होतो. तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात, भलतंसलतं दिसतं. आणि लगेच होत नाही, काही तासांनी चढतं. बाईंचं नशीब चांगलं की जास्त काही झालं नाही. माझा हिशेब जुळला. पहाटे दूध, सकाळभर गाडी, विमानतळावर तपासणीपर्यंत मावशी ठणठणीत, आणि चढायच्या वेळेला अंमल सुरू. मी विचारलं होतं ‘औषध’, आणि मावशींनी खरं तेच सांगितलं होतं. घरच्या दुधाला औषध कोण म्हणतं?

“पण मावशी, तिन्ही पेले सगळेच्या सगळे कशाला प्यायलात?”

“कोनाचं नाई म्हनू?” त्या म्हणाल्या. “एकीचं पेलं अन् दुसरीचं सोडलं, तं वर्सभर ऐकवलं असतं या बायांनी.”

मग मात्र त्यांचा बांध फुटला. आधी काशीबाईंवर तोंडसुख घेतलं. “इमान एस्टीहून उंच जाते म्हने! तुह्या डोक्यात उजेड पाडला कोनं?” मग मीनाला जवळ ओढलं, तिचं डोकं छातीशी घेतलं. “येडी वं पोट्टी तू. मले सांगाचं न. मी काय खाल्लं असतं तुले?” दोघी रडल्या, मथुराकाकू रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू? काशीबाई तेवढ्या तिथून उठून गल्लीत गेल्या आणि दारादारांत सांगत सुटल्या, “सुभद्रानं काई नशा नव्हती केली, आमीच पाजलं होतं!” त्यांचा आवाज जऊळक्याच्या स्टेशनपर्यंत गेला असणार.

मी उरलेलं दूध न पिता निघाले. कोणी आग्रह केला नाही. मावशी वेशीपर्यंत आल्या. म्हणाल्या, “गजाननले तिकीट काढाले लावते. पन दारात तू पाह्यजे.”

ड्युटी मागून मिळत नाही, पण एका मैत्रिणीला पटवून अदलाबदल केली. तिच्या होळीच्या फेऱ्या आता माझ्या गळ्यात आहेत, असू देत. त्या दिवशी नागपूरला मी दारात उभी, आणि मावशी जिना चढून आल्या. तीच नऊवारी, तीच पिशवी. पाय घट्ट. मागे रांग थांबलेली. माझ्यासमोर येऊन त्यांनी सगळ्यांदेखत तोंडावरचा पदर बाजूला केला आणि मान पुढे केली.

“सुंगून पाह्य.”

मी काय करणार? वाकले, आणि त्यांच्या गालाला गाल लावला. दंतमंजन आणि चहा. “चहा घेऊन आलात वाटतं.”

“अर्धाच. तोही माह्या हातानं केला.” मग मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अख्खी गल्ली पेले घेऊन उभी होती. नाई म्हनलं सगळ्यायले!”

उड्डाणाच्या वेळी माझी खुर्ची त्यांच्या रांगेकडे तोंड करून होती. मावशींनी खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही, सगळा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मीही नजर हलवली नाही. बंगळूरला उतरताना हातात एक पुरचुंडी कोंबली. आत सोले होते, सोलून वाळवलेले.

आता पुण्यात घरी बसून हे लिहितेय. एक गोष्ट बदलली. दारात कोणी डुलत आलं की पाणी देते, आडोशाला घेते, आणि ‘औषध घेतलंय का’च्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारते, “निघताना घरच्यांनी काय खाऊपिऊ घातलं?” नियम तोच आहे, गरज पडली तर उतरवणारही आहे. पण हा प्रश्न विचारला की माणसं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. काल रात्री सोल्यांची भाजी केली. जमली नाही, भाकरीनं तर जगाचा नकाशाच काढला, पण ताट पुसून खाल्लं.

आज सकाळी मावशींचा आवाजी संदेश आला. मागे कोवळं, चिरकं रडणं ऐकू येत होतं. जसाच्या तसा लिहिते:

“पोरी, नात झाली. वर्षी बरी हाये. इथली डाक्टरीन म्हनते, लेकराले मायच्या दुधाबिगर काईच पाजाचं नाई, गुटी नाई, उगाळलेलं काई नाई. वर्षीले वाटलं मी भांडीन. मी म्हनलं, डाक्टरीनबाई, बरोबर हाये तुमचं. तू जेवली का? रात्रीची जागते तू, दूध पेऊन झोपत जा. नुसतं.”